फुंकणारी पेटी, ओढणारा ऑर्गन

मित्राचा फोन आला. "आत्याकडे जुना ऑर्गन आहे. वाडा पाडायला काढलाय, तेव्हा तो विकायचाय. तुला कळतं त्यातलं, जरा बघून जा." गेलो. माजघराच्या कोपऱ्यात, गाद्यांच्या ढिगाआड एक लाकडी धूड उभं होतं. खाली पायानं दाबायच्या दोन फळ्या, वर पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, पट्ट्यांच्या डोक्यावर ओढायच्या खुंट्यांची रांग. मित्र कौतुकानं म्हणाला, "बालगंधर्वांच्या नाटकात असायचा ना, तोच हा ऑर्गन." आत्याबाई चहा घेऊन आल्या नि म्हणाल्या, "आम्ही तर याला पेटीच म्हणायचो हो. ऑर्गन हा शब्द यानं आत्ता काढलाय."

आत्याबाई बरोबर होत्या. ते ठरवायला वर्तमानपत्राची एक पट्टी पुरली. कशी ते सांगतो, पण त्याआधी हा घोळ होतो कुठे ते बघू.

आपल्याकडे साधारण समज असा की हातानं भाता मारायची ती हार्मोनियम, आणि पायानं मारायचा तो ऑर्गन. मांडी घालून वाजवायची ती पेटी, खुर्चीवर बसून वाजवायचा तो ऑर्गन. ही वाटणी दिसायला सोपी, पण चुकीची. हातपेटी आणि पायपेटी एकाच घरातल्या बहिणी आहेत. ऑर्गन त्यांचा चुलत भाऊ. चेहरेपट्टी पायपेटीसारखी, पण श्वास घ्यायची तऱ्हा अगदी उलटी.

श्वासाचं म्हणतोय ते शब्दशः. लहानपणी जत्रेत घेतलेला माउथऑर्गन आठवा. त्याच्या एकाच भोकात फुंकलं की एक सूर, हवा आत ओढली की दुसरा. आत पितळेच्या छोट्या पत्र्यात एक फट असते आणि त्या फटीवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाला पक्की केलेली असते. दुसरं टोक मोकळं, किंचित वर उचललेलं. हवा उचललेल्या बाजूनं आली की जीभ फटीत आतबाहेर थरथरते आणि सूर निघतो. उलट्या बाजूनं आली, तर ती जीभ बोलत नाही. म्हणून माउथऑर्गनमध्ये निम्म्या जिभा एका तोंडानं बसवतात, निम्म्या दुसऱ्या. या पत्रा-जिभेच्या जोडीलाही 'सूर'च म्हणतात. पेटी आणि ऑर्गन या दोन्हींत हेच सूर असतात, फक्त मोठे आणि संख्येनं कितीतरी जास्त. पेटी म्हणजे माउथऑर्गनची फुंकायची बाजू, आणि ऑर्गन म्हणजे ओढायची.

पेटीत भाता हवा आत भरतो आणि दाबून ठेवतो. पट्टी दाबली की त्या सुराचं झाकण उघडतं आणि कोंडलेली हवा जिभेला थरथरवत बाहेर पडते. ऑर्गनमध्ये पायटा, म्हणजे पायाखालची फळी, दाबला की भाता आतली हवा काढून टाकतो. पेटाऱ्यात हवा विरळ झालेली असते आणि खोलीतली हवा आत शिरायला दाराशी टपून असते. पट्टी दाबली की ती सुरातून आत घुसते. म्हणजे पेटीतून सुराबरोबर हवा बाहेर येते, ऑर्गनमध्ये सूर बाहेर येतो आणि हवा आत जाते.

यातलं मूळ कल्पनेचं श्रेय पूर्वेचं आहे. मोकळ्या जिभेचा सूर चीनमधल्या शंग या तोंडानं वाजवायच्या वाद्यात शेकडो वर्षं होता. युरोपात तो अठराव्या शतकाच्या अखेरीला रुजला. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी १८४० च्या सुमारास 'हार्मोनियम' या नावानं पेटंट घेतलं. ते वाद्य पायानं वाजवायचंच होतं, आणि हवा फुंकणारं होतं. म्हणजे घराण्यात थोरली ती पायपेटी. आपल्या सवयीची हातपेटी नंतर आली. हवा ओढायची युक्तीही मूळची फ्रान्समधलीच, पण ती वाढली अमेरिकेत. बॉस्टनच्या मेसन अँड हॅम्लिन कंपनीनं आणि व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टीनं अशी वाद्यं प्रचंड संख्येनं बनवली. एकट्या एस्टीच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त वाद्यं बाहेर पडली. चर्चचा खरा ऑर्गन नळ्यांचा, भिंतभर मोठा आणि महाग. त्याच्याजवळ जाणारा आवाज दिवाणखान्यात मावेल अशा आकारात मिळावा, ही त्यांची धडपड. म्हणून नावही ऑर्गनच ठेवलं. इंग्लंडमध्ये लोक त्याला 'अमेरिकन ऑर्गन' म्हणत. जर्मनांनी मात्र दोघांनाही हार्मोनियमच म्हटलं, फक्त एक दाबहवेची आणि एक ओढहवेची. आपल्या मित्राचा घोळ जर्मनीत झालाच नसता.

आता आवाज. नुसती हवेची दिशा बदलली म्हणून आवाज गोड झाला, असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. फरक घडवणाऱ्याच्या हातानंही पडतो. ऑर्गनची जीभ थोडी वाकवतात, टोकाला हलकी पीळ देतात, आणि तो सूर लाकडात कोरलेल्या अरुंद कप्प्यात सरकवतात. त्यामुळे पितळेचा कर्कश वरचा भाग दबतो आणि मऊ, गोलसर, थोडासा नळ्यांच्या ऑर्गनची आठवण देणारा आवाज उरतो. पेटीचा सूर उघडा असतो. त्यात पितळ ऐकू येतं, पट्टी पडताच तो ठसठशीत उमटतो, आणि द्रुत तानेत प्रत्येक दाणा वेगळा दिसतो. माझ्या कानाला पेटी गायकाच्या मागे धावते, ऑर्गन गायकाच्या पायाखाली सतरंजी अंथरतो. कुणी याच्या उलटही म्हणेल, पण एखाद्या नाट्यगीतात लांबवलेला षड्ज ऑर्गनवर ऐका आणि मग बोला.

आवाज लहानमोठा करायची रीतही दोघांची निराळी. युरोपातल्या पायपेटीला एक खास खुंटी असते. ती ओढली की हवा मधल्या साठवणीच्या भात्यात न थांबता थेट सुरांकडे जाते. मग पायाचा जोर तसा आवाजाचा चढउतार. ऐकायला छान, शिकायला जिकिरीचं. पाय जरा थरथरला की सूर थरथरतो. ऑर्गनमध्ये पायाचा मुख्य धर्म हवा काढत राहणं. आवाज वाढवायचा तर गुडघ्यानं बाजूला रेटायच्या दांड्या असतात. एकीनं झडपा उघडतात आणि आवाज मोकळा होतो, दुसरीनं सगळे सूर एकदम जोडले जातात. पट्ट्यांच्या खाली गुडघ्याच्या उंचीवर अशा दांड्या दिसल्या, तर तुमच्यासमोर ऑर्गन असण्याची शक्यता खूप वाढते. पण त्यावरच निकाल देऊ नका.

हातपेटीकडे तर खुंट्या-दांड्यांचं हे सगळं काम डावा हात करतो. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायपेटीचे पाय कापून तिला जमिनीवर बसवलं, भाता पाठीमागे आणला, आणि ती आपल्या बैठकीत रुळली. डावा हात भात्यात अडकला, म्हणून वाजवायला एकच हात उरला. पण आपलं संगीत एका वेळी एकाच सुरानं चालतं, तेव्हा त्यात काही बिघडलं नाही. उलट चांगल्या वादकाचा डावा हात हाच त्याचा श्वास. गायक दम घेतो तेव्हा भाताही थांबतो. ऑर्गनवाला दोन्ही हात मोकळे ठेवून उजव्यानं गाण्याची साथ करतो आणि डाव्यानं खर्ज धरून ठेवतो. नाटकाला हेच हवं होतं.

मराठी संगीत रंगभूमीवर पेटी आणि ऑर्गन दोन्ही नांदले. गोविंदराव टेंबे पेटीचे बादशहा. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, त्यातही ते होते. पुढे याच मंडळीत ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला, असा ताफा होता. ध्वनिक्षेपक नव्हता. नट गातोय, प्रेक्षागृह खचाखच भरलेलं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही सूर पोहोचायला हवा. अशा वेळी न तुटणारा, खोलीभर पसरणारा ऑर्गनचा भरणा उपयोगी पडला. आज संगीत नाटकाच्या प्रयोगात ऑर्गन वाजू लागला की जुने प्रेक्षक सरसावून बसतात, ते या आवाजाच्या सवयीमुळे. गोविंदराव पटवर्धन पेटी आणि ऑर्गन दोन्ही वाजवत, तेव्हा एकच हात दोन वाद्यांवर कसा बदलतो ते त्यांच्या ध्वनिमुद्रणांतून ताडून बघता येतं.

दोघांचं एक दुखणं मात्र सारखंच. पट्टी म्हणजे बांधलेला सूर. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड नाही, गमक नाही, आंदोलन नाही, आणि सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर, जे आपल्या रागांना नेहमी पटत नाहीत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातले बारीक सूरभेद दाखवणारी, पेटी बनवण्याचा ध्यास घेतला. लंडनहून तशी पेटी करून घेतली. जवळच मिरजेला गायक अब्दुल करीम खाँ होते, त्यांचंही या प्रयोगांत अंग होतं. पेटीवरचा रोष असा शास्त्राच्याच वाटेनं निघतो असं नाही. १९३८ मध्ये आकाशवाणीत काम करणारे ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला, रवींद्रनाथांनाही ती नकोशी होती, आणि १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियम बंद केली. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे जी पेटी घरोघर मांडीवर होती, ती रेडिओवर ३१ वर्षं परकी होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या पेटीवर पुन्हा काम केलंय, तेव्हा ते भांडण मिटलं असं म्हणता येणार नाही.

आता ओळखायचं कसं ते. सगळ्यात झटपट खूण डावीकडच्या पहिल्या पट्टीत आहे. युरोपातल्या पायपेट्या बहुतेक पांढरी एकपासून (इंग्रजी C) पांढरी एकपर्यंत, पाच सप्तकं. अमेरिकन ऑर्गन बहुतेक पांढरी चारपासून (इंग्रजी F) पांढरी चारपर्यंत. हे नेहमीच जुळतं असं नाही, पण वाडे-दिवाणखाने पाहताना पहिली नजर तिथे टाकावी. दुसरी खूण मागची बाजू उघडल्यावर. पेटीचे सूर पाटावर स्क्रूनं बसवलेले असतात, ऑर्गनचे कप्प्यांत सरकवलेले, जे हुकानं ओढून काढता येतात. दुरुस्तीवाल्याला ऑर्गन त्यामुळे आवडतो. ओढणारा भाता खोलीतली धूळही ओढतो, ती जिभेखाली अडकते आणि एखादा सूर मुका होतो. मग हुकानं बाहेर काढायचा, फुंकर मारायची, परत सरकवायचा. मराठी पावसाळा मात्र दोघांनाही सारखाच छळतो. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आणि उंदरांना भात्याचं कापड फार प्रिय.

सूर लावायचा तर तासणीनं. जिभेचं टोक तासलं की सूर चढतो, मुळाशी तासलं की उतरतो. हे काम नवख्यानं करू नये. तासलेलं पितळ परत येत नाही.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात पक्की खूण, म्हणजे कागद. मागची फळी काढायची, पायटा मारायचा, कुणाला तरी एक पट्टी दाबून धरायला सांगायची आणि त्या सुराच्या तोंडाशी वर्तमानपत्राची बारीक पट्टी धरायची. फडफडून बाहेर उडाली तर पेटी. आत ओढली जाऊन चिकटली तर ऑर्गन.

आत्याबाईंकडे मी तेच केलं. मित्रानं पायटा मारला. भात्यातून पहिल्यांदा नुसता सुस्कारा आला, मग गुरगुर, मग एक सूर. दाबलेल्या पट्टीच्या सुरावर कागद धरला. तो फडफडत उडाला आणि आत्याबाईंच्या चहाच्या ट्रेमध्ये पडला. मित्र हिरमुसला, कारण ऑर्गनची किंमत त्यानं ठरवून ठेवली होती. आत्याबाईंनी तो कागद उचलला आणि विचारलं, "मग आता विकायची का नाही?" मी म्हटलं, "आधी तुम्ही वाजवून दाखवा." त्यांनी खुर्ची ओढली, दोन्ही पाय फळ्यांवर ठेवले, आणि भजनाची पहिली ओळ घेतली. वरचा धैवत मुका होता. त्या पट्टीवर बोट पडलं की त्या तो सूर तोंडानं म्हणत आणि पुढे जात.