कळफलक सुगम्यता

माऊसला हात न लावता, फक्त कीबोर्डच्या कळांनी वेबपानावरचे प्रत्येक काम करता येणे, याला कळफलक सुगम्यता म्हणतात. अंध व्यक्तीला माऊसचा बाण दिसत नाही. कंपवात असलेल्याच्या हातून तो नेमक्या जागी थांबत नाही. माडावरून किंवा आंब्यावरून पडून मणक्याला मार बसणे कोकणाला नवे नाही. अशा दुखापतीत बोटे चालेनाशी झाली, तर तोंडात धरलेल्या काठीने कळा दाबतात किंवा एका बटणाचा स्विच वापरतात. स्विचसारखी बरीच उपकरणे संगणकाला कळ दाबल्याचाच संदेश देतात. म्हणून कीबोर्डवर चालणारे पान त्यांनाही चालते.

टॅब दाबला की पुढच्या दुव्यावर किंवा रकान्यात जाता येते, शिफ्ट आणि टॅबने मागे येता येते. एंटरने दुवा उघडतो, स्पेसने चौकटीत खूण होते, एस्केपने वर उघडलेली खिडकी मिटते. आपण ज्या घटकावर उभे असतो तिथे ‘फोकस’ आहे असे म्हणतात आणि ब्राउझर त्याभोवती रेघ काढतो. ही रेघ दिसायला बरी नाही म्हणून अनेक डिझाइनर सीएसएसच्या (पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेच्या) एका ओळीने ती घालवतात. डोळस माणूस कीबोर्ड वापरत असेल, तर त्यानंतर आपण पानावर कुठे आहोत हेच त्याला कळत नाही. इतक्या थोड्या कष्टांत इतके नुकसान करणारी दुसरी चूक सापडणे कठीण.

देवगडच्या एखाद्या बागायतदाराचे हापूस विकण्याचे पान डोळ्यांपुढे आणा. पेटीचे चित्र, भाव, नाव-पत्त्याचे रकाने आणि खाली ‘पेटी मागवा’. हे बटण एचटीएमएल या पान रचण्याच्या भाषेतल्या ‘बटन’ घटकाने केले असेल, तर त्यावर फोकस येतो, एंटर चालतो, स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही, ते बटण असल्याचे सांगतो. तेच साध्या ‘डिव्ह’ला, म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकटीला, रंग देऊन बटणासारखे केले आणि फक्त माऊसच्या क्लिकला जोडले, तर टॅब त्याला ओलांडून पुढे जातो. पिनकोडपर्यंत सगळे भरून झालेले असते, आणि पेटी मागवता येत नाही.

याहून त्रासाचा प्रकार म्हणजे कळफलक सापळा. गणपतीला गावी जाण्यासाठी तिकीट काढताना तारखेचे कॅलेंडर उघडावे, टॅब त्यातच गोल फिरत राहावा आणि एस्केपनेही सुटका होऊ नये. तोवर जागा भरलेल्या असतात.

वेबचे मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांत (आवृत्ती 2.0, 2008) सर्व कामे कीबोर्डने होणे आणि सापळा नसणे या अटी ‘ए’ या किमान पातळीवर आहेत, फोकस दिसण्याची अट त्यावरच्या ‘एए’ पातळीवर आहे. 2023 च्या 2.2 आवृत्तीने त्यात भर घातली: फोकस असलेला घटक पानाला चिकटलेल्या पट्टीखाली पूर्ण झाकला जाता कामा नये. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितले.

मराठी टंकलेखनाच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डावीकडे मुख्यतः स्वर आणि उजवीकडे व्यंजने असतात. बोटांना जागा सापडावी म्हणून एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतात. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे पहिली वेलांटी आणि ‘र’ येतात. ही जागा एकदा हाताला बसली की न पाहता मराठी लिहिता येते. पानावरचा रकाना टॅबने गाठता आला पाहिजे, एवढेच बाकी राहते.