ताण देऊन घडवलेला टोपोलॉजिकल इन्सुलेटर

टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे आतून वीज अडवणारा पण पृष्ठभागावरून वाहू देणारा स्फटिक, आणि हे वरचं वाहणं थोड्याफार ओरखड्यानं, मळानं बंद पडत नाही. काही संयुगं मुळात तशी नसतात, पण त्यांच्या अणूंमधलं अंतर जरासं ताणलं की तशी होतात.

सगळ्यात नीट तपासलेलं उदाहरण मर्क्युरी टेल्युराइडचं, म्हणजे पारा नि टेल्युरियमच्या संयुगाचं. बरेच पोट्टे समजतात की ताणानंच सगळी जादू होते, तसं नाही बाप्पा, पाऱ्यासारख्या जड अणूमुळे यातले इलेक्ट्रॉनचे बँड, म्हणजे त्यांच्या ऊर्जेचे पट्टे, आधीच उलटे झालेले, वरचा खाली नि खालचा वर, असे असतात, फक्त दोन बँड एका बिंदूला चिकटून राहतात म्हणून आतूनही वीज जाते. ताण दिला की ते सुटे होतात हे 2007 मध्ये लियांग फू आणि चार्ल्स केन या भौतिकशास्त्रज्ञांनी गणितानं सांगितलं, आणि 2011 मध्ये जर्मनीतल्या वुर्त्सबर्गला लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या गटानं कॅडमियम टेल्युराइडवर 70 नॅनोमीटरचा थर वाढवून ते करून दाखवलं. खालची जाळी, म्हणजे अणूंची ठरावीक मांडणी, जेमतेम 0.3 टक्के मोठी, वरच्या अणूंना तेवढं पसरून बसावं लागतं, अन् त्या दोन बँडमध्ये सुमारे 22 मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचं बारीक एकक) फट, म्हणजे गॅप, उघडते. ओढून धरायला कोणी लागत नाही. खाती बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवतो नि ती थंड झाली की चाक कायमचं आवळून धरते, तसाच हा ताण आतच बसलेला असतो, फक्त इथं आवळण्याऐवजी ताणणं आहे. थर फार जाड झाला तर जाळीत दोष पडून ताण निघून जातो.

अडचण अशी की खोलीतल्या नुसत्या उष्णतेचीच ऊर्जा 25 मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, तेवढ्यात इलेक्ट्रॉन गॅप ओलांडून आतूनही वीज नेतात, म्हणून मोजमाप अतिथंड तापमानालाच होतं, चंद्रपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

ताणाची दिशाही महत्त्वाची. हाच थर ताणण्याऐवजी आडवा दाबला तर इन्सुलेटर न होता सेमीमेटल होतो, म्हणजे बँड कुठंतरी चिकटलेलेच राहून आतूनही थोडी वीज वाहते. कथिलाचंच दुसरं रूप असलेल्या करड्या कथिलाचंही तेच. कल्हईचं पांढरं कथिल 13.2 अंशांखाली करडं होऊ शकतं, आपल्याकडं पौषात पारा तेवढा उतरतोही, पण हा बदल इतका सावकाश की भांड्याला काही होत नाही. इंडियम अँटिमोनाइडवर वाढवलेला करड्या कथिलाचा पातळ थर मात्र खोलीच्या तापमानालाही टिकतो.

झिर्कोनियम पेंटाटेल्युराइडमध्ये ताण कमीजास्त करता येतो, व्होल्टेज दिल्यावर लांबी बदलणाऱ्या पिझो ठोकळ्यावर स्फटिक चिकटवून. 2019 मध्ये अशाच प्रयोगात एकाच नमुन्यात गॅप बंद होऊन परत उघडताना दिसली, म्हणजे ताणानं एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याची खूण.