लक्षणनोंद, रुग्णनिवेदित इलेक्ट्रॉनिक (कर्करोग)

कर्करोगाच्या रुग्णाने आपला त्रास मोबाइल, संगणक किंवा दूरध्वनीवरील स्वयंचलित प्रश्नांद्वारे स्वतः नोंदवण्याची आणि त्यावरून उपचारकांनी वेळीच पावले उचलण्याची पद्धत. मळमळ, थकवा, वेदना, धाप, जुलाब, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे विचारली जातात. डॉक्टरांच्या नोंदींत ती बहुधा सौम्य ठरतात किंवा राहूनच जातात; या पद्धतीची गरज त्यातूनच निर्माण झाली.

तिचा आरंभ नेमका कोठे मानावा, हे ठरवणे कठीण आहे. कॅनडातील एडमंटन येथे १९९१ मध्ये एदुआर्दो ब्रुएरा व सहकाऱ्यांनी मांडलेली लक्षणमापन पद्धती हे उगमस्थान म्हणता येईल. पण ती कागदावरची होती. इंग्लंडमधील लीड्स येथील गॅलिना वेलिकोवा यांची २००४ मधील चाचणी आरंभबिंदू धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात २८६ रुग्णांचे तीन गट होते : एकाची स्पर्शपडद्यावरील उत्तरे डॉक्टरांना दाखवली, दुसऱ्याने उत्तरे भरली पण ती दाखवली नाहीत, तिसऱ्याने काहीच भरले नाही. पहिल्या दोन्ही गटांचे जीवनमान तिसऱ्यापेक्षा चांगले राहिले, मात्र त्या दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. प्रश्नावली भरण्यानेच रुग्णाला काही आधार मिळत असावा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रश्नसंचात ७८ लक्षणे आहेत. एक प्रश्न साधारण असा : ‘गेल्या ७ दिवसांत मळमळ किती वेळा झाली?’ उत्तरे ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ सतत’पर्यंत पाच. उत्तर ठरावीक पातळीपलीकडे गेले वा एकाएकी बिघडले, की परिचारिकेला सूचना जाते. प्रत्यक्षात केंद्रे यांतील मोजकीच लक्षणे निवडतात.

सर्वाधिक चर्चा आयुर्मानाविषयी आहे. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात ईथन बाश यांनी ७६६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत नोंद करणारे मध्यकाने (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक, निम्मे कमी काळ) ३१.२ महिने जगले, तर नेहमीची देखभाल मिळालेले २६ महिने (२०१७). फ्रान्समध्ये फाब्रिस डेनी यांच्या फुप्फुस-कर्करोगाच्या चाचणीत हे आकडे १९ व १२ महिने होते. कारणाविषयी दोन मते आहेत. न्यूयॉर्कचे रुग्ण केमोथेरपी अधिक काळ, सरासरी ६.३ ऐवजी ८.२ महिने, घेऊ शकले. फ्रान्समध्ये रोग उलटल्याचे रुग्णाच्या अंगात ताकद असतानाच कळले, म्हणून पुढचे उपचार झेपले. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण व उपचारांचे टप्पे वेगळे असल्याने एकच कारण शोधण्याचा आग्रह अनाठायी आहे. पुढे अमेरिकेतील ५२ केंद्रांत १,१९१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत जगण्याच्या कालावधीत लक्षणीय फरक आढळला नाही. शारीरिक क्षमता, लक्षणनियंत्रण व जीवनमान मात्र सुधारले आणि तातडीच्या विभागात जाण्याची पहिली वेळ लांबली. त्यामुळे आयुष्य वाढते असे सरसकट म्हणणे घाईचे. त्रास कमी होतो, हे अधिक भक्कम आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने ते मुळीच गौण नाही.

सूचनेला उत्तर देणारे कोणी नसेल तर नोंद निरुपयोगी ठरते. न्यूयॉर्कच्या चाचणीत ७७ टक्के सूचनांवर परिचारिकांनी प्रत्यक्ष कृती केली : औषध बदलणे, सल्ला देणे, रुग्णाला बोलावून घेणे. संगणकाची सवय नसलेल्या रुग्णांना तेथे अधिक लाभ झाला, ही बाब विशेष नोंदण्याजोगी आहे. युरोपीय वैद्यकीय कर्करोगशास्त्र संस्थेने २०२२ मध्ये या पद्धतीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र प्रश्नसंच आहे; लहानग्यांच्या वतीने पालक उत्तरे देतात.