बोचेल्ली, आंद्रेआ
बोचेल्ली, आंद्रेआ : (२२ सप्टेंबर १९५८ – ). इटालियन टेनर (उंच पट्टीतला पुरुषी आवाज असलेले) गायक. ऑपेराच्या पद्धतीने घडवलेला आवाज आणि पॉप संगीताच्या चाली, वाद्यमेळ व बाजारपेठ यांची सांगड घालणाऱ्या ‘क्लासिकल क्रॉसओव्हर’ या प्रकारातले सर्वांत लोकप्रिय नाव. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा जगभरातला खप कोटींत मोजला जातो. ऑपेराच्या जाणकारांत मात्र त्यांच्याविषयी पहिल्यापासून दुमत आहे. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच : हा आवाज मायक्रोफोनसमोर जितका खुलतो, तितका मायक्रोफोनविना भरत नाही.

त्यांचा जन्म तस्कनी प्रांतातील पिसा जिल्ह्यात, लायातिको या गावी शेतकरी कुटुंबात झाला. घरी द्राक्षबागा होत्या आणि शेतीअवजारांचा व्यवसाय होता. जन्मतःच काचबिंदू असल्याने दृष्टी अधू होती; बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना डोळ्याला मार लागला आणि ती पूर्णपणे गेली. पियानोचे शिक्षण सहाव्या वर्षी सुरू झाले होते, पुढे बासरी आणि सॅक्सोफोनही हाती आले. चौदाव्या वर्षी व्हियारेज्जो येथील स्पर्धेत ‘ओ सोले मिओ’ हे नेपल्सचे गीत गाऊन त्यांनी पहिले बक्षीस मिळवले. तरीही गाणे हा चरितार्थ होईल असे तेव्हा कोणी धरून चालले नव्हते. पिसा विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि सुमारे वर्षभर न्यायालयाने नेमलेला वकील म्हणून काम केले. संध्याकाळी पियानो बारमध्ये गाणे चालूच होते. १९५०–६०च्या दशकांतला गाजलेला टेनर फ्रांको कोरेल्ली हे त्यांचे दैवत. त्यांच्याकडे काही काळ शिकण्याची संधीही मिळाली.

नशीब पालटले ते दुसऱ्या कोणासाठी केलेल्या नमुना ध्वनिमुद्रणामुळे. १९९२मध्ये रॉक गायक त्सुक्केरो यांनी ‘मिझेरेरे’ हे गीत विख्यात ऑपेरा टेनर लुचानो पाव्हारोत्ती यांच्यासोबत गायचे ठरवले. पाव्हारोत्तींना ऐकवण्यापुरता एक टेनर हवा होता, आणि ते काम बोचेल्लींकडे आले. तो आवाज ऐकून पाव्हारोत्ती प्रभावित झाले. तबकडीवर शेवटी पाव्हारोत्तीच गायले. पण १९९३च्या युरोप दौऱ्यात त्सुक्केरोंबरोबर मंचावर बोचेल्ली उभे होते. याच सुमारास शुगर या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कातेरिना कासेल्ली यांनी त्यांना करारबद्ध केले. १९९४च्या सानरेमो गीतमहोत्सवात ते नवोदितांच्या गटात पहिले आले. पुढच्या वर्षी, १९९५मध्ये, मुख्य गटात चौथा क्रमांक मिळाला. ते चौथ्या क्रमांकाचे गाणे होते ‘कोन ते पार्तिरो’.

फ्रांचेस्को सार्तोरी यांची चाल आणि लुचिओ क्वारांतोत्तो यांचे शब्द असलेले हे गीत इटलीपेक्षा आधी बाहेर गाजले. बेल्जियममध्ये ते अनेक आठवडे अग्रस्थानी होते. इंग्लिश सोप्रानो (उंच पट्टीच्या स्त्रीआवाजाची गायिका) सेरा ब्राइटमन यांनी ते युगलगीत म्हणून गाण्याची इच्छा दाखवली. ‘टाइम टु से गुडबाय’ असे नाव घेऊन ते नोव्हेंबर १९९६मध्ये म्युनिकला जर्मन मुष्टियोद्धा हेन्री मास्के याच्या निरोपाच्या लढतीत गायले गेले. मास्के ती लढत हरला. गाणे मात्र जर्मनीत आजवर सर्वाधिक खपलेल्या सिंगल्समध्ये जाऊन बसले. त्यानंतरचा ‘रोमान्झा’ हा संग्रह दोन कोटींच्या आसपास खपला.

या गाण्याची घडण पाहिली की सगळ्या क्रॉसओव्हरचे तंत्र हाती लागते. सुरुवात खालच्या सुरांत, जवळजवळ बोलल्यासारखी. एवढ्या हलक्या आवाजात गाणारा गायक विनामायक्रोफोन ऑपेरागृहात दुसऱ्या रांगेपर्यंतही नीट पोचणार नाही. ध्रुवपदात चाल एकदम वर झेपावते, आवाज पूर्ण उघडतो, मागे वाद्यवृंद भरून येतो. ऑपेरागायक वर्षानुवर्षे मेहनत करतो ती सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपासची ऊर्जा आवाजात एकवटण्यासाठी. त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर कमी असतो, म्हणून एकट्या माणसाचा गळा साठ-सत्तर वाद्यांच्या वरून ऐकू येतो. मायक्रोफोन ही गरजच काढून टाकतो. मग कुजबूज आणि गर्जना एकाच गाण्यात शेजारी ठेवता येतात. बोचेल्लींच्या आवाजातला किंचित धूसर, जव्हारीदार पोत या जवळिकीत सुंदर वाटतो, आणि नेमका तोच मोठ्या ऑपेरागृहात विरून जातो.

असे असूनही ऑपेरा त्यांनी सोडला नाही. १९९४मध्ये पिसा येथे व्हेर्दीच्या ‘माक्बेथ’मध्ये मॅकडफ, १९९८मध्ये कॅल्यारीत पुच्चीनीच्या ‘ला बोएम’मध्ये रोदोल्फो, १९९९मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला मास्नेच्या ‘वेर्थर’ची शीर्षक भूमिका असा हा प्रवास आहे. दृष्टिहीन गायकाला मंचावर हालचाल करणे आणि संगीतसंचालकाची छडी न पाहता तालात राहणे किती अवघड असेल, हे समीक्षकांनी मान्य केले; आवाजाचा लहान आवाका, श्वासाचा तोकडा आधार आणि सुरेलपणातली डळमळ यांवर मात्र त्यांनी सूट दिली नाही. प्रस्तुत नोंदकर्त्याला ही टीका बहुतांशी रास्त वाटते. परंतु तिच्यामागे लोकप्रियतेविषयीचा जुना संशयही होता, हेही खरे. आपल्याकडे भीमसेन जोशी अभंगांकडे वळले तेव्हा ख्यालगायक म्हणून त्यांची मान्यता पक्की होती. बोचेल्ली उलट्या दिशेने आले : आधी गीत, मग ऑपेरा. त्या दिशेने येणाऱ्याकडून दारावरच अधिक पुरावा मागितला जातो.

स्टुडिओतले चित्र निराळे आहे. ‘ला बोएम’, ‘तोस्का’, ‘इल त्रोव्हातोरे’, ‘कार्मेन’, ‘तुरान्दोत’ अशा अनेक संपूर्ण ऑपेरांची ध्वनिमुद्रणे त्यांनी केली. यांतील ‘ला बोएम’, ‘तोस्का’ आणि ‘तुरान्दोत’ यांचे संगीतसंचालन मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांचे आहे. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १९९०च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी रोममधील काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास या तीन टेनरांचा जो कार्यक्रम झाला, त्याचे संचालकही मेहताच होते. ऑपेराच्या आरिया (एकल गीते) मैदानी गर्दीला विकत घ्याव्याशा वाटतात, हे त्या रात्री कंपन्यांना कळले. बोचेल्लींसाठी बाजारपेठ तिथूनच तयार झाली. अर्थात मुळे त्याहून जुनी आहेत. एन्रिको कारुसो नेपल्सची गीते तबकड्यांवर गात असत, आणि मारिओ लान्झा हॉलिवूडच्या चित्रपटांतून टेनर आवाज घरोघर पोचवत असे.

१९९९चा ‘सेक्रेड आरियाज’ हा भक्तिगीतांचा संग्रह एकल गायकाच्या शास्त्रीय संग्रहांत सर्वाधिक खपाचा ठरला. त्याच वर्षी सेलिन डिऑनसह गायलेल्या ‘द प्रेअर’ या चित्रपटगीताला गोल्डन ग्लोब मिळाले. २०१८चा ‘सी’ हा संग्रह अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोचला. तोवर त्यांनी साठी गाठली होती.

२००६पासून लायातिकोजवळच्या टेकडीउतारावर ‘तेआत्रो देल सिलेन्झिओ’ हे खुले नाट्यगृह आहे. उन्हाळ्यात मोजक्या रात्री तिथे गाणे होते, उरलेले वर्ष ती जागा शांत ठेवली जाते. १२ एप्रिल २०२० रोजी, ईस्टरच्या दिवशी, टाळेबंदीतल्या मिलानच्या रिकाम्या कॅथीड्रलमध्ये ते केवळ ऑर्गनच्या साथीने गायले आणि शेवटी बाहेरच्या चौकाकडे तोंड करून ‘अमेझिंग ग्रेस’ म्हटले. लाखो लोकांनी ते एकाच वेळी थेट पाहिले. काही महिन्यांतच टाळेबंदीने आपल्याला अपमानित वाटले असे रोममधील एका परिषदेत बोलून त्यांनी टीका ओढवून घेतली आणि नंतर माफी मागितली. २०११मध्ये स्थापन झालेली त्यांच्या नावाची संस्था हैतीमध्ये शाळा उभारण्याचे काम करते.

एन्रिका चेन्झात्ती यांच्याशी १९९२मध्ये झालेल्या विवाहातून त्यांना दोन मुलगे झाले. दुसरा विवाह २०१४मध्ये व्हेरोनिका बेर्ती यांच्याशी. धाकटा मुलगा मत्तेओ स्वतः गायक असून ‘सी’मधील ‘फॉल ऑन मी’ हे गीत बापलेकांनी मिळून गायले आहे. क्रॉसओव्हरचा पुढचा मोठा अमेरिकन गायक जोश ग्रोबन हाही एका अर्थी बोचेल्लींच्याच गैरहजेरीतून पुढे आला : १९९९च्या ग्रॅमी सोहळ्याच्या तालमीत डिऑनसमोर बोचेल्लींच्या ओळी गाण्यासाठी त्याला बोलावले होते. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.