डबल टॅप हल्ला आणि मदतीला धावणाऱ्यांचं संरक्षण

एकाच ठिकाणी थोड्या वेळाने परत बॉम्ब, क्षेपणास्त्र किंवा ड्रोन मारायचा, म्हणजे पहिल्या स्फोटातल्या जखमींना काढायला आलेले लोक दुसऱ्या स्फोटात सापडतात, या पद्धतीला डबल टॅप म्हणतात. मधलं अंतर काही मिनिटांचं असतं, कधी तासांचं. ॲम्ब्युलन्सवाले, फायर ब्रिगेडचे जवान, नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक, पत्रकार आणि नुसते शेजारीपाजारी, सगळेच यात मरतात.

जखमींवर उपचार करणाऱ्यांना मारू नये हा नियम नेमका कधीपासूनचा, यावर एकमत नाही. आपल्याकडे बरेच जण थेट महाभारतापर्यंत जातात. भीष्मपर्वात युद्धाआधी दोन्ही बाजूंनी ठरवलेले नियम आहेत, त्यात सारथी, ओझ्याची जनावरं, शस्त्रं पुरवणारे आणि भेरी-शंख वाजवणारे यांच्यावर प्रहार करू नये असं येतं. पण त्या यादीत वैद्य नाहीत, त्यामुळे न लढणाऱ्याला मारू नये ही कल्पना जुनी आहे इतकंच त्यावरून म्हणता येतं, वैद्यकीय संरक्षणाचा उगम तिथे दाखवणं जरा ओढूनताणून होतं. युरोपात 1743 च्या डेटिंगेनच्या लढाईच्या वेळी ब्रिटिश आणि फ्रेंच सेनापतींनी एकमेकांच्या रुग्णालयांना हात न लावायचं ठरवलं होतं आणि त्याचं श्रेय जॉन प्रिंगल या लष्करी डॉक्टरला देतात, मात्र तो समझोता त्या मोहिमेपुरताच होता. कायमचा लेखी आणि सगळ्यांसाठी खुला असा नियम म्हटलं तर 22 ऑगस्ट 1864 चा पहिला जिनिव्हा करारच धरावा हे जास्त पटतं. इटलीतल्या सोल्फेरिनोच्या रणांगणावर (1859) जखमींचे हाल पाहून हेन्री ड्यूनां या स्विस व्यापाऱ्याने जी खटपट केली तिचं हे फळ, आणि त्यातल्या दहा कलमांतच ॲम्ब्युलन्स, लष्करी रुग्णालयं, तिथला स्टाफ, शिवाय जखमींना मदत करणारे गावकरी यांनाही संरक्षण दिलं होतं. गावकऱ्यांचा हा मुद्दा लोक विसरतात, खरं तर आजच्या सगळ्या चर्चेत तोच सर्वात महत्त्वाचा आहे.

दुसरा हल्ला मुद्दाम उशिरा करायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात ठळक दिसते. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर ब्रिटिश बॉम्बफेकीची पहिली लाट साधारण सव्वादहाला आली आणि दुसरी तीनेक तासांनी, तेव्हा बंब आणि मदत पथकं रस्त्यावर होती. आग विझवणाऱ्यांनी जवळ येऊ नये म्हणून उशिरा फुटणारे बॉम्बही त्या काळात वापरले जायचे.

आता कायदा. डबल टॅपचं नाव घेऊन बंदी घालणारा एकही करार नाही, त्यामुळे प्रत्येक घटना सर्वसाधारण नियमांवर तपासावी लागते. 1949 मध्ये चार नवे जिनिव्हा करार झाले, त्यांतल्या पहिल्यात वैद्यकीय कर्मचारी (कलम 24), दवाखाने (कलम 19) आणि वाहनं (कलम 35) यांना संरक्षण आहे. दवाखान्याचा वापर शत्रूला इजा करण्यासाठी झाला तरच ते जातं आणि तेव्हासुद्धा आधी इशारा आणि शक्य तिथे वाजवी मुदत द्यावी लागते (कलम 21). स्वतःच्या किंवा रुग्णांच्या बचावासाठी शस्त्र बाळगलं म्हणून संरक्षण जात नाही. लाल क्रॉस किंवा लाल चंद्रकोर ही नुसती खूण आहे, संरक्षण कामामुळे मिळतं, म्हणजे खूण दिसली नाही म्हणून मारलं हा बचाव आपोआप चालत नाही.

फायर ब्रिगेडचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. 1977 च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमध्ये (जिनिव्हा करारांना जोडलेला नंतरचा करार) कलम 61 खाली नागरी संरक्षणाची पंधरा प्रकारची कामं दिलीत, त्यात आग विझवणं, ढिगाऱ्यातून काढणं, प्रथमोपचार, अगदी मृतांची तातडीची विल्हेवाट पण येते. खूण आहे नारिंगी रंगावर निळा त्रिकोण. पण रोम संविधीत (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा 1998 चा करार) जिनिव्हा करारांच्या खुणा वापरणाऱ्या वैद्यकीय पथकांवरच्या हल्ल्याचा वेगळा गुन्हा आहे, तसा बंबवाल्यांसाठी नाही, त्यांच्यासाठी नागरिकांवरच्या हल्ल्याचं कलम वापरावं लागतं. हल्ला करणारी बाजू बहुतेक वेळा म्हणते की दुसरा मारा तिथे आलेल्या सैनिकांवर होता. यावर काही अभ्यासक प्रमाणशीरतेचं गणित मांडतात, म्हणजे लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान जास्त झालं का ते पाहतात. दुसरे म्हणतात असा मारा मुळातच बेकायदा. जखमी होऊन लढण्याबाहेर गेलेला सैनिकही लक्ष्य होऊ शकत नाही आणि पहिल्या स्फोटानंतर लोक धावत येणार हे कुणालाही आधीच कळतं, म्हणून ही दुसरी भूमिका जास्त भक्कम वाटते. पाकिस्तानातल्या ड्रोन हल्ल्यांच्या संदर्भात संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक ख्रिस्तोफ हेन्स यांनी 2012 मध्ये असे प्रकार खरे असतील तर तो युद्धगुन्हा ठरेल असं म्हटलं होतं.

सीरियात आणि युक्रेनमध्ये ही पद्धत वारंवार दिसली, 15 मार्च 2024 ला ओडेसात पहिल्या स्फोटाच्या जागी पोचलेले बचाव कर्मचारी दुसऱ्यात गेले. 25 ऑगस्ट 2025 ला गाझातल्या खान युनिसच्या नासर रुग्णालयावर लागोपाठ इस्रायली मारा होऊन किमान 20 जण मेले, त्यात पाच पत्रकार. 23 मार्च 2025 ची गाझातल्याच रफाहची घटना डबल टॅपच्या चौकटीत नीट बसत नाही, तरी पुराव्यासाठी महत्त्वाची आहे. रेड क्रेसेंटचे आठ, नागरी संरक्षणाचे सहा आणि संयुक्त राष्ट्रांचा एक असे 15 जण मारले गेले. गाड्या लाइट न लावता संशयास्पद येत होत्या असं इस्रायली सैन्याने आधी सांगितलं, नंतर मेलेल्या एका पॅरामेडिकच्या मोबाइलमधला व्हिडिओ बाहेर आला आणि त्यात इमर्जन्सी लाइट चालू दिसत होते. सैन्याला आधीचं म्हणणं बदलावं लागलं, एका उपकमांडरला काढण्यात आलं.

सोलापुरात हा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1910 मध्ये इथेच जन्मलेले कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाच्या काळात आघाडीजवळ शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला आजाराने गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. पण कायद्याच्या दृष्टीने कोटणीसांइतकाच पूर्व भागातला साधा माणूसही महत्त्वाचा. यंत्रमागाच्या कारखान्यात आग लागली की बंब पोचायच्या आत गल्लीतली पोरं बादल्या घेऊन आत शिरतात, कुणाच्या अंगावर ना खूण ना गणवेश. युद्धात असंच धावलेल्या माणसाला जखमींची शुश्रूषा केली म्हणून त्रास देता येत नाही, हे 1949 च्या पहिल्या कराराच्या कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिलंय.

भारताने 1949 चे चारही करार मान्य केले, त्यासाठी 1960 चा जिनिव्हा करार कायदा आहे. नागरी संरक्षणासाठी 1968 चा स्वतंत्र कायदा आहे. 1977 चे पूरक प्रोटोकॉल आणि रोम संविधी मात्र भारताने स्वीकारलेली नाही, त्यामुळे आपल्या फायर ब्रिगेडच्या माणसाचं संरक्षण आजही मुख्यतः नागरिक म्हणूनच आहे.