आपटून घ्यायला रोज कोण येतं?

ज्युदोच्या वर्गात पहिला महिनाभर मला कुणालाच पाडू दिलं नाही. फक्त पडायचं. आधी मागे, मग डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, शेवटी पुढे कोलांटी घेऊन. मी खरं तर मुलीला सोडायला जायचो आणि तासभर बाहेर स्कूटरवर बसून मोबाइल बघायचो. एकदा सर म्हणाले, "बाहेर बसून काय करता? या आत." वय बेचाळीस. दुसऱ्या दिवशी शिंकलो तरी बरगड्या बोलत होत्या. तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही: फी भरून रोज आपटून घ्यायला माणसं येतात कशाला? येतात ते एक वेळ समजतं. टिकतात का?

येण्याची कारणं कुणालाही विचारा, साधारण सारखीच निघतात. शाळेत पोरगं मार खाऊन आलं. मुलीला रात्री क्लासहून एकटीला यावं लागतं. एखादा सिनेमा बघून हातपाय शिवशिवले. बहुतेकांच्या मुळाशी थोडी भीती असतेच. ज्युदोचे जनक जिगोरो कानो त्याला अपवाद नव्हते. 1860 साली जन्मलेले कानो अंगापिंडाने किरकोळ होते, आणि शिकायला घराबाहेर राहत तेव्हा थोराड मुलं त्यांना छळायची. 1877 मध्ये तोक्योत त्यांना जुजुत्सू ही जपानची जुनी झुंजविद्या शिकवणारे फुकुदा हाचिनोसुके भेटले. डाव कसा मारायचा असं विचारलं, की हे गुरुजी समजावून सांगण्याऐवजी कानोंना पुन्हा एकदा पाडायचे. पुन्हा विचारलं, पुन्हा पाडायचे. शिकवण्याची ही पद्धत आमच्या सरांनाही मनापासून पटलेली दिसते.

आता त्या पडण्याकडे जरा बारकाईने बघू, कारण टिकण्याचं पहिलं कारण मला तिथेच सापडलं.

एक मीटर उंचीवरून पडलेलं शरीर जमिनीला टेकताना सेकंदाला साधारण 4.4 मीटर, म्हणजे ताशी 16 किलोमीटर वेगात असतं. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळा मामला ठरतो. एका सेंटिमीटरात थांबलात, तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट धक्का बसतो. दहा सेंटिमीटरांत थांबलात, तर दहापट. मॅट थोडी दबते, पाठ धनुष्यासारखी गोल केली की आघात एका ठिकाणी न बसता कमरेपासून खांद्यापर्यंत गडगडत जातो, आणि हनुवटी छातीला चिकटवली की डोकं मॅटला लागतच नाही. हात जोरात मॅटवर आपटायचा असतो, तो आवाजासाठी नव्हे. त्याने आघाताचा थोडा वाटा उचलला जातो, पण त्याचा खरा उपयोग वेगळाच. तोल गेला की माणूस मागे हात टेकवायला जातो आणि मनगट तरी मोडून घेतो, नाहीतर गळ्याजवळचं हाड. हाताला दुसरं काम दिलं की तो हा घात करत नाही.

तोल जाण्याची भीती आपण जन्माला येताना बरोबर आणतो. तान्ह्या बाळाची मान क्षणभर सुटल्यासारखी झाली की ते दोन्ही हात झटकन फाकवतं. अशी जुनी भीती पुसली जात नाही. मेंदू तिच्या शेजारी एक नवी नोंद करतो: मागे पडलो, काही झालं नाही. शंभर वेळा पडलो, काही झालं नाही. ही नवी नोंद जुनीपेक्षा जड झाली की एके दिवशी पडताना श्वास अडकत नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "आज मला पडता आलं." तिने फार कौतुक केलं नाही.

पण पडायला शिकून लोक वर्षानुवर्षं येत नाहीत. व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे पहिल्या सहा महिन्यांत गळतात, असं अभ्यासक बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत. सवय 21 दिवसांत लागते ही ऐकीव गोष्ट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 स्वयंसेवकांवर पाहणी झाली, तेव्हा मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक तो 18 पासून 254 पर्यंत कुठेही जात होता. म्हणजे दोनेक महिने दुसऱ्याच कशाने तरी माणसाला ओढून आणायला हवं.

हे "दुसरं काहीतरी" कानोंनी 1882 साली ज्युदोत आणून ठेवलं. तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी नऊ शिष्यांना घेऊन कोडोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सूतले हाडं मोडणारे, जिवावर बेतणारे डाव त्यांनी मोकळ्या लढतीतून काढून टाकले. वरवर पाहता विद्या बोथट झाली. प्रत्यक्षात उलट झालं. जो डाव खरोखर मारला तर जोडीदार दवाखान्यात जाईल, त्याचा सराव कायम लुटुपुटीचाच राहतो. जो डाव सुरक्षित आहे तो पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज मारून बघता येतो. या मोकळ्या लढतीला रांदोरी म्हणतात.

रांदोरीत काय घडतं ते समजायला मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांची माकडं मदतीला येतात. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतायच्या. रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा त्या दिव्याला चेतू लागल्या आणि रस आल्यावर गप्प राहू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंद व्हायच्या. या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि वास्तव यांतला फरक मोजतात. ट्रेडमिलवर हा फरक जवळजवळ शून्य: काल पाच किलोमीटर, आज पाच किलोमीटर. रांदोरीत मात्र वीसदा फसलेला डाव एकविसाव्या वेळी अचानक बसतो, समोरचा ऐंशी किलोचा माणूस पिसासारखा वर जातो, आणि कसं झालं ते आपल्यालाही कळत नाही. ते कळावं म्हणून उद्या परत यावं लागतं.

हीच गोष्ट जुगाराबद्दलही म्हणता येईल, हे मला मान्य आहे. फरक असा, की इथे खेळणाऱ्याचं कसब खरोखर वाढतं.

यात एक अट आहे. समोरचा दर वेळी जिंकत राहिला तर खेळ बंद पडतो. उंदरांचंही असंच. याक पांक्सेप या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांची दंगामस्ती वर्षानुवर्षं अभ्यासली. खेळताना उंदीर 50 किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवाट करतात. आपले कान 20 किलोहर्ट्झच्या पुढे बंद, त्यामुळे हा आनंद ऐकायला यंत्र लागलं. दणकट प्राणी मस्ती करताना मधूनमधून स्वतःहून कमीपणा घेतात, उताणे पडतात, दुबळ्याला वर येऊ देतात. तसं झालं नाही तर दुबळा खेळायला येईनासा होतो. कोल्हापूरच्या तालमीत यासाठी फार नेमका शब्द आहे: मोठा पैलवान लहान पोराला "खेळवतो". हरवत नाही, खेळवतो. थोडं ढिलं सोडतो, पट काढू देतो, मग अलगद चीत करतो. ज्या वर्गात खेळवणारं कुणी नसतं तिथे नवे लोक दोन महिन्यांत गायब होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अंगाला अंग भिडण्याचंही काही देणं असावं. ऑक्सफर्डमध्ये बारा वल्हेकऱ्यांना कधी एकटं, तर कधी संघात वल्हवायला लावलं. कष्ट सारखेच, पण नंतर रक्तदाबाच्या पट्ट्याने दंड आवळला तेव्हा संघात वल्हवलेल्या दिवशी त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. अंदाज असा, की सोबतीने एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, जास्त पाझरतं. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठाशी संबंधित 2019 च्या एका अभ्यासात सरावाआधी आणि नंतर लढणाऱ्यांची लाळ तपासली. ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढलेलं आढळलं, आणि ठोसे-लाथांच्या लढतीपेक्षा जमिनीवरच्या झोंबाझोंबीनंतर अधिक. लाळेतलं संप्रेरक म्हणजे मेंदूतलं नव्हे, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण ज्याचा घाम आपल्या कपाळाला लागलाय त्याच्याशी वैर धरणं अवघड जातं, एवढं लाळ न तपासताही सांगता येईल.

पट्ट्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. कानोंनी 1883 पासून वरच्या श्रेणी द्यायला सुरुवात केली. पिवळा, केशरी, हिरवा ही रंगांची शिडी युरोपात रुळली ती विसाव्या शतकात. आता गल्लोगल्ली दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी, प्रमाणपत्र आणि फोटो. 1973 साली अमेरिकेत बालवाडीतल्या चित्रकलेची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला. "चित्र काढलंस तर बक्षीस देऊ" असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी कमी झाली नाही. माझ्या मुलीच्या आधीच्या वर्गातली पोरं काळा पट्टा घेऊन जी गेली ती परत आली नाहीत. त्यांच्या लेखी अभ्यासक्रम संपला होता. तालमीत कुणाच्या कमरेला रंग नसतो. तिथे लंगोट सगळ्यांचा सारखा, आणि कोण किती पाण्यात आहे ते लाल मातीत अर्ध्या मिनिटात कळतं.

या सगळ्याने माणूस शांत, शिस्तीचा होतो का? अमेरिकेतल्या एका शाळेत 207 मुलांवर तीन महिने प्रयोग झाला. तायक्वांदो ही कोरियन लढतविद्या शिकलेल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा नेहमीच्या पीटीच्या तासाला गेलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारला. त्याआधी 1986 मध्ये वाट चुकलेल्या 34 मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पारंपरिक पद्धतीने, ध्यान आणि आदर यांसह तायक्वांदो शिकलेल्यांची आक्रमकता उतरली, आणि नुसती मारामारी शिकलेल्यांची चढली. 34 हा आकडा लहान आहे. शिवाय एरवी आपण टिकलेल्यांनाच विचारतो, "फायदा झाला का?" सोडून गेलेले उत्तर द्यायला असतातच कुठे? तेव्हा जाहिरातीतल्या "आत्मविश्वास वाढवा" पाटीवर मी अजूनही अर्धाच विश्वास ठेवतो.

आमच्या वर्गात एक काका येतात. बँकेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा, पाच वर्षांत त्यांनी कुणालाही धड पाडल्याचं कुणाला आठवत नाही. मंगळवारी पाऊस होता, मी आणि ते दोघेच आलो होतो. मी विचारलंच, "काका, तुम्ही का येता हो?"

"घरी बसून काय करू?" ते म्हणाले. "इथे निदान कुणीतरी कॉलर धरतं." आणि त्यांनी माझी धरली.