२०१४ चे पुस्तक चालेल का? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बदलत्या नियमांविषयी

"माझ्याकडे २०१४ चे प्लेअर्स हँडबुक आहे. २०२४ चे घ्यायलाच हवे का?" हा प्रश्न आम्हाला दुकानाच्या काउंटरवर रोज ऐकू येतो. हँडबुक म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सचे खेळाडूंसाठीचे नियमपुस्तक. या खेळात प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, चालवतो आणि त्याला काय जमले ते फासे ठरवतात. घ्यायलाच हवे असे नाही. पुस्तके विकणे हा आमचा धंदा असला तरी उत्तर हेच. पण काय बदलले आणि कशासाठी, हे कळले तर तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. त्यासाठी जरा मागे जाऊ.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्याचा जन्म छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांतला, त्यामुळे सुरुवातीच्या पुस्तकांत तक्तेच तक्ते. चिलखताचा आकडा, म्हणजे एसी, तेव्हा उलटा चाले: अंगावर काही नसेल तर ९, पोलादी चिलखत आणि ढाल असेल तर २. वार बसला की नाही हे तक्ता उघडून बघायचे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तक्त्याची जागा 'थॅको'ने घेतली. एसी शून्य असलेल्या शत्रूला मारायला वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत, तो आकडा म्हणजे थॅको. समजा तुमचा थॅको १७ आणि शत्रूचा एसी ३, तर १७ वजा ३, म्हणजे १४ किंवा जास्त हवेत. शत्रूचा एसी उणे २ असेल तर १७ वजा उणे २, म्हणजे १९. आता हेच गणित रात्री अकरा वाजता, पाच जणांच्या आरडाओरड्यात करून बघा.

२००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तिसरी आवृत्ती काढली आणि एसी सरळ केला: आकडा मोठा तितके चिलखत भक्कम. थॅको १७ वाला तोच लढवय्या आता फाशात ३ मिळवतो आणि पूर्वी एसी ३ असलेल्या शत्रूचा एसी १७ असतो. १४ पडले की वार बसला. शक्यता पूर्वीइतकीच, ३५ टक्के. फक्त वजाबाकी गेली. आमच्या मते पन्नास वर्षांतली ही सगळ्यात चांगली दुरुस्ती.

मात्र त्याच आवृत्तीने बेरजा वाढवल्या. उंचावर उभे आहात, अधिक १. शत्रूला दोन्ही बाजूंनी घेरलेत, अधिक २. ब्लेस स्पेल (आशीर्वादाचा मंत्र) चालू आहे, आणखी १. फासा पडून गेल्यावर "अरे, माझा तो एक राहिला!" ठरलेलेच. (२००८ ची चौथी आवृत्ती आमच्याकडे कोणी मागत नाही, म्हणून तिला इथे फाटा.) २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने अशा बहुतेक बेरजांना एकच उत्तर दिले: अॅडव्हांटेज. परिस्थिती तुमच्या बाजूने असेल तर दोन फासे टाका, मोठा धरा. विरोधात असेल तर लहान धरा. वरच्या उदाहरणातले ३५ टक्के अॅडव्हांटेजने सुमारे ५८ होतात आणि डिसॲडव्हांटेजने जेमतेम १२. कारणे चार असली तरी फासे दोनच, आणि दोन्ही बाजूंची कारणे असली तर फिटंफाट.

२०२४ चे पुस्तक याच पाचव्या आवृत्तीची डागडुजी आहे. हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारे औषध, पिण्यात पूर्वी अख्खी ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, जायची. कितीतरी टेबलांवर लोकांनी आपापसांत ठरवून ती बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली छोटी जादा कृती, केली होती, आता पुस्तकानेही तेच मान्य केले. थकव्याची सहा पायऱ्यांची यादी पाठ करायला नको: प्रत्येक पायरीला वीसच्या फाशातून २ वजा, वेग ५ फूट कमी, सहाव्या पायरीला मृत्यू. कॅरेक्टरच्या गुणांतली वाढ आता वंशावरून न ठरता बॅकग्राउंडवरून, म्हणजे त्याच्या पूर्वायुष्यावरून, ठरते.

सगळेच बदल आम्हाला पटलेले नाहीत. पूर्वी बेसावध गाठलेल्या शत्रूची पहिली टर्न वाया जायची. आता त्याला फक्त इनिशिएटिव्हवर, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर, डिसॲडव्हांटेज. खेळाडूंवरच हल्ला होतो तेव्हा हे न्याय्य वाटते, पण अर्धा तास खपून रचलेल्या सापळ्याचे मोल कमी होते. वेपन मास्टरी, म्हणजे प्रत्येक शस्त्राची खास करामत, तिचेही तसेच. ग्रेटसोर्डचा (मोठ्या तलवारीचा) वार चुकला तरी थोडे नुकसान होते, हे लढवय्यांना आवडते. पण क्वार्टरस्टाफच्या (काठीच्या) प्रत्येक फटक्यानंतर शत्रू पडला का हे बघायला आणखी एक फासा टाकावा लागतो. नवख्यांच्या टेबलावर आम्ही पहिले एक-दोन खेळ मास्टरी बाजूलाच ठेवतो.

तर, तुमचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, २०१४ वर रंगात आले असेल तर ते तसेच पूर्ण करा. नवी पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, जमवत असाल तर २०२४ घ्या, आणि सगळ्यांसाठी मिळून एक प्रत पुरते. जुनी साहसे नव्या नियमांवर चालतात, पण नवी कॅरेक्टर थोडी दणकट असल्याने डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, राक्षस वाढवावेत. एकाच पार्टीत दोन्ही पुस्तकांची कॅरेक्टर मात्र घेऊ नका. भांडणे तिथेच होतात. विकत घेण्याआधी चाखून बघायचे असेल तर मूलभूत नियम, म्हणजे एसआरडी ५.२, इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट मिळतात.

टेबल राखून ठेवताना २०१४ की २०२४ ते आधी सांगा, म्हणजे त्याच आवृत्तीच्या कॅरेक्टर शीट काढून ठेवता येतील. फासे नसतील तरी या. काउंटरवरच्या डब्यातले घ्या आणि जाताना परत टाका.